दुपारीच पेटणारी लाल बॅटरी: धरणगावच्या एका गाडीच्या चार्जिंगचा तपास

सकाळी सातला गाडी ठणठणीत. दुपारी दोनला बांभोरीला गिरणेच्या पुलावर वाहतुकीत अडकली की मीटरवर लाल बॅटरी. खानदेशातल्या मे महिन्यात वायरमनकडे अशा गाड्या बऱ्याच येतात आणि बऱ्याचशा नवी बॅटरी घेऊन, दिवा तसाच ठेवून परत जातात. हे प्रकरण त्यातल्याच एका गाडीचं आहे.

गाडी १.२ लिटरची, चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक, २०१६ची, १ लाख १२ हजार किलोमीटर चाललेली. मालकांचा कापसाचा व्यवहार असल्यामुळे हंगामात गाडी दिवसभर जिनिंगच्या आवारात उभी असते आणि आठवड्यातून चार-पाच वेळा पाळधीमार्गे जळगावला येते. तक्रार त्यांच्याच शब्दांत अशी: "दुपारले एसी लावा का लाल बत्ती पेटस, रेस दिधी का जास." या एका वाक्यात निदानाचा निम्मा मालमसाला होता. दुपार म्हणजे उष्णता, एसी म्हणजे भार, रेस म्हणजे फेरे. आधीच्या तीन ठिकाणी यातला पहिला शब्द कोणीच मनावर घेतला नाही.

आधी काय काय झालं होतं

पहिल्या ठिकाणी बॅटरी बदलली. जुनी साडेतीन वर्षांची होती, तेव्हा "उन्हाळ्यात जातेच" हे कारण पटण्यासारखं होतं. पंचेचाळीस अंशांत बॅटरी लवकर जाते हे खरंच आहे. बॅटरीचं तापमान दर दहा अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. पण जुनी बॅटरी सेल्फ उचलत होती, गाडी कधीच बंद पडली नव्हती, आणि ती बॅटरी मोजून न बघताच बदल्यात गेली.

दुसऱ्या ठिकाणी अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनच्या जोरावर वीज तयार करणाऱ्या यंत्राचा, पट्टा आवळला. दिवा गेला नाही, उलट गाडी सुरू केल्यावर पुढून बारीक शिट्टीसारखा आवाज यायला लागला. तिसऱ्या ठिकाणी मात्र वायरमनने अल्टरनेटर काढला, बाकावर फिरवून पाहिला, चौदा व्होल्ट दाखवले आणि "डायनामो ओके आहे" असं सांगून पुन्हा बसवला. त्याचं मोजमाप चुकीचं नव्हतं. त्याने थंड अल्टरनेटर मोजला, एवढंच.

दिवा नेमकं काय सांगतो

मीटरवर चित्र बॅटरीचं असल्यामुळे सगळा संशय बॅटरीवर जातो. तो दिवा बॅटरीची तब्येत मोजत नाही. इंजिन चालू असताना अल्टरनेटर वीज देतोय की नाही, एवढंच तो पाहतो. अगदी मेलेली बॅटरी लावून गाडी ढकलून सुरू केली तरी अल्टरनेटर चांगला असेल तर दिवा विझतो. उलट आज सकाळी घेतलेली बॅटरी असली तरी अल्टरनेटर गप्प असेल तर दिवा पेटलेला राहतो.

जुन्या जीप-ॲम्बेसेडरच्या काळातल्या जोडणीत दिव्याचा एक धागा चावीकडून आणि दुसरा अल्टरनेटरच्या एल टर्मिनलकडे, म्हणजे दिव्यासाठीच्या टोकाकडे, जायचा. चावी फिरवली की वीज दिव्यातून जाऊन आर्मेचरला, म्हणजे अल्टरनेटरच्या आतल्या फिरत्या भागाला, चुंबकत्व द्यायची, म्हणून दिवा पेटायचा. इंजिन फिरून दोन्ही बाजूंना सारखा व्होल्टेज आला की दिवा विझायचा. त्यात कार्बन, म्हणजे आर्मेचरला टेकून त्याला वीज पोचवणारे दोन तुकडे, पूर्ण घासले तर चावीलाच दिवा पेटत नसे. आत्ताच्या गाड्यांत अल्टरनेटरच्या पाठीमागे बसलेला, व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर, ज्याला अजूनही कित्येक जण कटआउट म्हणतात, तोच दिवा चालू-बंद करतो. काही गाड्यांत हे काम इंजिनचा संगणक करतो. या गाडीत एल वायर सरळ रेग्युलेटरकडे होती. अशा रेग्युलेटरला स्टेटरकडून, म्हणजे अल्टरनेटरच्या स्थिर गुंडाळ्यांकडून, वीज दिसली नाही, किंवा व्होल्टेज प्रमाणाबाहेर चढला, तर तो दिवा लावतो. म्हणजे चार्जिंग कमी झालं तरी दिवा आणि जास्त झालं तरी दिवाच. न मोजता यातलं काय झालंय ते कळणार नाही.

दिवा मंद लागत होता हेही लक्षात घेण्यासारखं. मंद दिसणारा दिवा खरा मंद असेलच असं नाही. तो फार वेगाने लागत-विझत असू शकतो, डोळ्याला मंद वाटतो. असं दिसलं की कुठेतरी जोड धरतोय-सुटतोय का, ही शंका घ्यावी.

सकाळचे आकडे

गाडी रात्रभर उभी होती. सकाळी इंजिन न लावता बॅटरीच्या खांबांवर १२.३८ व्होल्ट. पूर्ण भरलेल्या बॅटरीवर १२.६ ते १२.७ यायला हवेत, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. दोन महिन्यांची नवी बॅटरी पाऊणच्या आसपास, म्हणजे ती खराब नाही, उपाशी आहे. सेल्फ मारताना व्होल्टेज १०.२ पर्यंत उतरला. ९.६ च्या खाली गेला असता तर बॅटरीवर वेगळा संशय घेता आला असता.

इंजिन आयडलला, म्हणजे रेस न देता: १४.३. हाय बीम, ब्लोअर पूर्ण, मागच्या काचेची तार, एसी, सगळं लावून: १४.०. कोणत्याही पुस्तकाच्या हिशोबाने हे पास आहे. आधी दोष हाती का लागला नाही ते इथेच कळतं.

मग व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वायरीत आणि जोडांत वाटेतच किती व्होल्टेज हरवतो ते. ही तपासणी गॅरेजमध्ये सर्वांत कमी होते आणि सर्वांत जास्त पैसे वाचवते. इंजिन चालू, भार लावलेला, मल्टिमीटरची एक पिन अल्टरनेटरच्या बी प्लस स्टडवर, म्हणजे वीज बाहेर देणाऱ्या बोल्टवर, आणि दुसरी बॅटरीच्या प्लस खांबावर. क्लॅम्पवर टेकवायची नाही, खांबावरच. आलेला आकडा ०.१६. दोन-अडीच दशांशापर्यंत चालतं. मग उलट बाजू: अल्टरनेटरची बॉडी ते बॅटरीचा मायनस खांब. इथे ०.४४ निघाले. एवढे नकोत, एक दशांशाच्या आसपास हवेत.

तुकड्या-तुकड्याने मोजल्यावर बॉडी ते इंजिन ब्लॉक शून्य, ब्लॉक ते अर्थची पट्टी ०.०४, आणि मायनस क्लॅम्प ते मायनस खांब ०.३८. क्लॅम्प उघडला तर आत दुमडलेली पत्र्याची पट्टी. गाडीची पूर्वीची बॅटरी ३८बी२०एलएस, म्हणजे जाड खांबाची होती. नवी दिलेली ३८बी२०एल, म्हणजे पातळ खांबाची. शेवटच्या एका अक्षराचा फरक. क्लॅम्प सैल पडला म्हणून कुणीतरी डब्याचा पत्रा कापून आत घातला. पत्र्यावर आम्लाचा वाफारा बसला, हिरवट-पांढरी भुकटी जमली, आणि अर्थ कच्चा झाला.

पत्रा काढला. पातळ खांबावर जाड क्लॅम्प बसवण्यासाठी शिशाची टोपी मिळते, ती दोन्ही खांबांवर घातली. खांब आणि क्लॅम्प गरम पाण्यात खाण्याचा सोडा टाकून धुतले, सुकवले, आवळले, वरून थोडं पेट्रोलियम जेली. मायनस क्लॅम्पवरचा ड्रॉप ०.०२ वर आला.

दोष खरा होता. पण तो या दिव्याचा दोष नव्हता. क्लॅम्प कच्चा असला तर बॅटरी कमी भरते, सेल्फ जड फिरतो, दिवे मिणमिणतात. तो दुपारी दोनला येऊन सकाळी जात नाही. इथेच थांबून गाडी दिली असती तर चौथी चूक झाली असती.

दुपारची फेरी

गाडी ज्या तापमानाला बिघडते, त्याच तापमानाला मोजायची. त्यासाठी बोनेट बंद ठेवून, ऊन चढल्यावर, एसी लावून गाडी रस्त्यावर काढावी लागते. दुरुस्तीची जागा सावलीत आणि बोनेट उघडं, या दोन गोष्टींमुळेच बोनेटखालचं तापमान कित्येक अंशांनी उतरतं आणि दोष लपतो.

मीटर आत घेण्याची सोपी सोय म्हणजे डॅशबोर्डवरचं बारा व्होल्टचं सॉकेट. बाजारात मिळणारा मोबाइल चार्जरचा प्लग उघडून त्यातल्या दोन टोकांना वायरी जोडल्या आणि मीटरला लावल्या. फक्त निघण्याआधी एकाच वेळी बॅटरीवर आणि सॉकेटवर मोजून फरक लिहून ठेवायचा. या गाडीत सॉकेटवर ०.१५ कमी यायचे, खालच्या सगळ्या आकड्यांत ते मिळवलेले आहेत.

जळगावच्या आकाशवाणी चौकातून दोन वाजून दहा मिनिटांनी निघाली. सुरुवातीला १४.२. दहा मिनिटांनी १३.९. हे उतरणं स्वाभाविक आहे, रेग्युलेटर स्वतः गरम झाला की तो मुद्दाम थोडा कमी व्होल्टेज देतो, नाहीतर तापलेल्या बॅटरीतलं पाणी उडून जाईल. पाळधीच्या फाट्यावर गाडी आयडलला उभी केली, एसी चालू. पंचवीस मिनिटं झाली तेव्हा १३.९ चे एकदम १२.५, पुन्हा १३.६, पुन्हा १२.४, आणि डॅशबोर्डवर लाल दिवा धडधडायला लागला. ॲक्सिलरेटर दाबून दोन हजार फेरे केले: १३.८, दिवा गेला. पस्तिसाव्या मिनिटाला रेस देऊनही १२.२ च्या वर जाईना. दिवा आता लख्ख.

हा क्षण हातचा जाऊ द्यायचा नाही. गाडी बंद करून थंड होऊ दिली की पुरावा गेला. इंजिन चालू ठेवून, बोनेट उघडून, पाच-सात मिनिटांत पुढच्या गोष्टी बघितल्या.

बी प्लस स्टडवर १२.२, बॅटरीवरही १२.२. स्टडवर चौदा किंवा त्याहून जास्त आणि बॅटरीवर बारा असते तर मधली वायर किंवा मोठा फ्यूज तुटलेला असता. दोन्ही सारखे, म्हणजे वायर ठीक आहे, अल्टरनेटरच काही देत नाहीये.

मागच्या प्लगमधल्या आयजी वायरवर १२.१. म्हणजे रेग्युलेटरला चावीची वीज मिळतेय. ही वीज नसेल तर अल्टरनेटर झोपलेलाच राहतो, आणि किती तरी अल्टरनेटर एका उडालेल्या फ्यूजपायी बदलले जातात.

पट्टा: पुलीवर पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन टॅकोमीटरने फेरे मोजले. क्रँकच्या पुलीशी प्रमाण साधारण अडीच पट. इंजिन ८०० असताना अल्टरनेटर २००० च्या जरा खाली. घसरत नव्हता. दुसऱ्या ठिकाणी आवळलेला पट्टा उगाच आवळला गेला होता.

डायोड, म्हणजे अल्टरनेटरच्या एसी विजेची डीसी करणारे भाग: सकाळी १४.३ व्होल्टवर मीटर एसी व्होल्टवर ठेवून बॅटरीवर मोजले होते तेव्हा ०.०४. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर डायोड गेला असं समजतात. इथे एक सावधानता हवी. स्वस्तातले काही मीटर एसीवर ठेवूनही डीसी दाखवतात, आणि १४ व्होल्टवर ३० सारखा वेडा आकडा देतात. पिना उलट केल्या की शून्य दाखवतात. मीटर असं वागला तर एका पिनेत एक मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घालून मोजावं.

उरलं काय? आर्मेचरला चुंबकत्व मिळतंय का. यासाठी काहीही उघडावं लागत नाही. पट्ट्यापासून आणि बी प्लस स्टडपासून लांब, मागच्या बेअरिंगजवळ बारीक लोखंडी पट्टी हळूच नेली. चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरमागे ती हातातून ओढल्यासारखी चिकटते. इथे ढिम्म. मग हातोडीच्या लाकडी दांड्याने अल्टरनेटरच्या पाठीवर, जिथे कार्बन बसतात तिथे, दोन हलके ठोके. मीटर १२.२ वरून सरळ १३.८ वर. पट्टी चटकन चिकटली. पाऊण मिनिटाने पुन्हा १२.३.

म्हणजे कार्बन स्लिपरिंगवर, आर्मेचरच्या टोकाच्या धातूच्या कड्यांवर, नीट टेकत नव्हते.

एका चाचणीबद्दल मुद्दाम सांगायला हवं, कारण ती अजूनही होते. "इंजिन चालू ठेव, बॅटरीची वायर काढ, गाडी बंद पडली तर डायनामो गेला." डिझेल जीपच्या जमान्यात ही चाचणी खपून जायची. आजच्या गाडीत बॅटरी हाच व्होल्टेजचा धक्का झेलणारा भाग आहे. ती काढताच अल्टरनेटरकडून काही क्षण कित्येक दहा व्होल्ट उसळी येऊ शकते, आणि जाणारी वस्तू अल्टरनेटर नसते, इंजिनचा संगणक असतो. शिवाय या गाडीत सकाळी ही चाचणी पास झालीच असती.

काढून बघितल्यावर

आधी बॅटरीचा मायनस, मग बाकीचं. दहाच्या पान्याने बी प्लसचा नट, प्लग, पट्ट्याचा टेन्शन बोल्ट सैल, दोन माउंटिंग बोल्ट. मागचं झाकण उघडताच चित्र स्पष्ट झालं. हवा घेण्याच्या जाळीत कापसाचे बारीक तंतू आणि काळ्या मातीची धूळ, वाटल्यासारखी एकजीव. त्यावर तेलाची ओल. इंजिनच्या वरच्या झाकणाच्या, म्हणजे टॅपेट कव्हरच्या, गॅसकेटमधून थेंबथेंब तेल पाझरत होतं आणि अल्टरनेटरच्या पाठीवर उतरत होतं. तेल, तंतू, कार्बनची भुकटी आणि धूळ यांचा चिकट लेप थेट कार्बनच्या खोबणीत शिरला होता.

कार्बन बाहेर काढून मोजले: एक ३.५ मिलिमीटर बाहेर, दुसरा ४. नवे असताना दहा-बारा मिलिमीटर बाहेर असतात. पाचच्या खाली गेले की बदलायचेच. एवढे आखूड झाल्यावर मागच्या स्प्रिंगचा दाब जवळजवळ संपतो. त्यातला एक कार्बन खोबणीत हाताने दाबला तर आत जात होता, पण परत येताना अडत होता. गरम झाल्यावर लेप मऊ होतो, कार्बन त्यात रुततो, स्प्रिंग त्याला ढकलू शकत नाही. रेस दिली की कंपनाने तो थोडा सरकतो आणि दिवा जातो. सकाळी थंडपणी लेप कडक असतो, कार्बन जिथे होता तिथेच घट्ट टेकलेला राहतो. दुपारचं गणित असं सुटलं.

आर्मेचर वेगळं तपासलं, कारण गरम झाल्यावर त्याची गुंडाळीही आतून तुटू शकते आणि लक्षणं हीच दिसतात. दोन स्लिपरिंगमध्ये ३० अंशांना २.४ ओहम. हॉट एअर गनने सावकाश शंभराच्या आसपास तापवून पुन्हा मोजले: ३.० ओहम. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.३९ टक्क्यांनी वाढतो, सत्तर अंशांनी सुमारे २७ टक्के, म्हणजे २.४ चे ३.०५ व्हायलाच हवेत. हिशोब जुळला, गुंडाळी धड. मधेच आकडा उडून ओपन दाखवला असता तर आर्मेचर बदलावं लागलं असतं. रिंग ते शाफ्ट: काही नाही, म्हणजे गळती नाही.

स्लिपरिंगवर कार्बनच्या रुंदीचा काळा चर. नखाला जाणवेल इतका, पण खोल नाही. लेथवर घेण्याची गरज पडली नाही. बारीक, ६०० नंबरचा पॉलिश पेपर रिंगभोवती गुंडाळून आर्मेचर हाताने फिरवत साफ केलं. एमरी पेपर वापरायचा नाही, त्याचे कण वीज वाहतात आणि दोन रिंगांच्या मध्ये अडकून बसतात.

पुढच्या बेअरिंगने मात्र पट्टा आवळल्याची किंमत मोजली होती. हाताने फिरवलं तर वाळूसारखं करकरत होतं. तीच ती शिट्टी. नंबर जुन्या बेअरिंगवरून वाचून तसंच रबर सीलचं घेतलं, आणि मागचंही सोबत बदललं, कारण उघडलेलंच होतं.

दुरुस्ती

या अल्टरनेटरमध्ये कार्बन रेग्युलेटरच्या होल्डरमध्ये डाग देऊन बसवलेले होते. होल्डरसकट मिळाला तर उत्तम. सुटे कार्बन घेतले तर जुन्याची तार वितळवून काढायची, नव्याची तार स्प्रिंगमधून ओवून तेवढ्याच लांबीवर डाग द्यायचा. तारेला कथील चढू द्यायचं नाही. वरपर्यंत चढलं तर तार काडीसारखी ताठ होते आणि कार्बन पुन्हा अडकतो. अशी दुरुस्ती महिन्या-दोन महिन्यांत परत येते. या गाडीत होल्डर मिळाला. खोबण अल्कोहोलने धुऊन, कोरडी करून, कार्बन बोटाने दाबून सोडल्यावर टक्कन बाहेर येतो हे पाहिलं. खर्च नव्या अल्टरनेटरच्या किमतीपुढे किरकोळ होता.

बॉडी आणि जाळी साफ करताना आधी मऊ ब्रश, मग हवा, तीही कमी दाबाने आणि आतून बाहेर. बाहेरून आत जोरात हवा मारली की तंतू थेट स्टेटरच्या गुंडाळ्यांत घुसतात. पाण्याच्या प्रेशर गनने बोनेटच्या आत धुण्याची फॅशन आहे, ती या भागासाठी वाईटच. धुवायचंच असेल तर अल्टरनेटरवर प्लास्टिकची पिशवी बांधावी.

टॅपेट कव्हरचं गॅसकेट त्याच दिवशी बदललं. हे टाळलं असतं तर नवे कार्बनही पुढच्या पावसाळ्यानंतर याच वाटेने गेले असते. मूळ कारण तेच होतं, कार्बन घासणं हे वयाप्रमाणे होणारच.

पट्टा परत लावताना अंगठ्याने मधोमध दहा किलोच्या आसपास दाब दिल्यावर आठ-नऊ मिलिमीटर दबेल इतपत ताण. पट्ट्याच्या खोबणींत आडव्या चिरा नव्हत्या म्हणून तोच ठेवला. बी प्लसचा नट घट्ट, पण स्टड फिरेल इतका नाही. त्यावरची रबरी टोपी पुन्हा बसवायला विसरायचं नाही.

बॅटरी अल्टरनेटरच्या भरवशावर भरायला सोडली नाही. उपाशी बॅटरी गाडीत लावली की अल्टरनेटर पहिल्या तासात पूर्ण ताकदीने करंट ओततो, आणि उन्हाळ्यात नव्याने बांधलेल्या अल्टरनेटरला ती परीक्षा नको. ३५ अँपिअर-तासाची बॅटरी, दहाव्या हिश्शाने, म्हणजे ३.५ अँपिअरवर रात्रभर चार्जरला. दुसऱ्या दिवशी दोन तास विसावा देऊन १२.६८. पाणी वरखाली खुणांच्या मध्ये, शुद्ध डिस्टिल्ड. खुणेच्या वर भरलं तर उन्हात आम्ल बाहेर उसळतं आणि नव्या क्लॅम्पवर पुन्हा हिरवी भुकटी.

तपासणी, पुन्हा दुपारीच

दुरुस्ती झाल्यावर त्याच वेळेला, त्याच रस्त्याने, पाळधीच्या त्याच फाट्यावर. तापमान आदल्या फेरीपेक्षा एखाद अंश जास्तच. निघताना १४.३, चाळीस मिनिटांनी आयडलला एसीसह १३.७, हेडलाइट मिळवून १३.६. आकडा हलला नाही. दिवा नाही. ब्लॉक ते मायनस खांब ०.०५. पुढून आवाज नाही.

त्यानंतर गाडी बंद, दारं लॉक, अर्धा तास थांबून मायनस वायरीत मीटर अँपिअरवर लावून उभ्या गाडीची गळती: ०.०२६ अँपिअर. ०.०५ च्या आत असलं की चालतं. मीटर लावताना वायर एकदम न काढता आधी मीटरच्या पिना लावून मग क्लॅम्प उचलायचा, नाहीतर गाडीचे सगळे संगणक जागे होतात आणि अर्धा तास परत मोजावा लागतो.

रस्त्यात दिवा लागला तर किती जाता येईल, हा मालकांचा प्रश्न होता. तो सगळ्यांचाच असतो. ३५ अँपिअर-तासाची बॅटरी पूर्ण भरलेली असली तरी इंधनपंप, इग्निशन, पंखा आणि संगणक मिळून पंधरा-वीस अँपिअर खातात. ब्लोअर आणि एसी लावला तर तीसच्या वर. शेवटपर्यंत निथळून घ्यायची नसते, म्हणून दिवसा, एसी बंद करून, तासभर धरायचं. रात्री हेडलाइटसह त्याहून कमी. आधी एसी, ब्लोअर, म्युझिक बंद. व्होल्टेज अकराच्या आसपास आला की इलेक्ट्रिक स्टिअरिंग जड होतं, एबीएसचा दिवा येतो. जड स्टिअरिंग लागलं की बाजूला घ्यायचीच. मात्र दिव्यासोबत तापमानाचा काटा चढत असेल तर एक किलोमीटरसुद्धा नाही. पुष्कळ गाड्यांत पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर असतो. पट्टा तुटला की चार्जिंग आणि पाणी दोन्ही एकदम थांबतात, आणि पंचेचाळीस अंशांत इंजिनचं हेड वाकायला फार वेळ लागत नाही.

गाडीला पुढची सूचना एवढीच दिली गेली: दिवाळीनंतर कापूस यायला लागला की दर महिन्याला बोनेट उघडून अल्टरनेटरची जाळी बघायची, तंतू दिसले तर ब्रशने काढायचे. आणि टॅपेट कव्हरखाली कोरडा कागद फिरवून तो तेलकट होतो का, तेही.